केंटकी, १८९९ : गव्हर्नरच्या निवडणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदावर असताना खून झालेला अमेरिकेच्या राज्याचा गव्हर्नर आजवर एकच : केंटकीचा विल्यम गोबेल. पण खून हा या प्रकरणाचा उत्तरार्ध झाला. त्याआधी एक कायदा झाला, एक पक्ष फुटला, मतपत्रिकेच्या कागदाच्या जाडीवरून वाद झाला आणि टोपीतून नव्हे तर पेटीतून चिठ्ठ्या निघाल्या. खरी गंमत (आणि खरी अडचण) त्या भागात आहे, म्हणून उत्तरांचा भर तिकडे आहे.

हा गोबेल म्हणजे ‘गोबेल्स नीती’वाला का?

नव्हे. आपल्याकडच्या भाषणांत ‘गोबेल्स नीती’ इतकी रुळली आहे की हा प्रश्न हमखास येतो. तो जर्मन प्रचारमंत्री या निवडणुकीच्या वेळी दोन वर्षांचा होता, आणि आडनावही वेगळे. विल्यम गोबेल ४ जानेवारी १८५६ रोजी पेन्सिल्व्हेनियात जन्मला. आईवडील जर्मनीहून आलेले, परिस्थिती बेताची. पुढे ओहायो नदीकाठच्या कव्हिंग्टन गावी त्याने वकिली केली आणि १८८७ पासून केंटकीच्या सिनेटमध्ये बसला. माणूस तुसडा, मित्र मोजके. पण कायद्याचा मसुदा लिहिणे आणि सभागृहाचे नियम वापरणे यांत त्याचा हात धरणारा राज्यात कोणी नव्हता.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल. मग त्याची निवडणूक कशी?

आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर लोकांच्या थेट मतांनी निवडून येतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असते. म्हणून इथे ‘राज्यपाल’ हा शब्द वापरलेला नाही.

केंटकीची १८९१ ची राज्यघटना या प्रकरणात पावलोपावली आडवी येते, तेव्हा तिच्यातल्या चार गोष्टी आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या. गव्हर्नरची मुदत ४ वर्षे, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहण्याची सोय तेव्हा नव्हती. वय किमान ३०. शपथ मतदानानंतरच्या पाचव्या मंगळवारी. आणि गव्हर्नरने एखादे विधेयक नाकारले तर ते पुन्हा संमत करायला दोन-तृतीयांश मते लागत नाहीत, प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे साधे बहुमत पुरते. सिनेट ३८ जणांचे, प्रतिनिधिगृह १०० जणांचे. म्हणजे २० आणि ५१ माणसे हाताशी असली की गव्हर्नरचा नकार कागदावरच राहतो.

वातावरण एवढे तापले कशावरून?

मुख्यतः रेल्वेवरून. लुईव्हिल अँड नॅशव्हिल ही कंपनी (लोक तिला नुसते ‘एल अँड एन’ म्हणत) राज्यातली सगळ्यात बडी ताकद होती. माल कोणाचा, किती भाड्याने जाणार हे ती ठरवी. शेतकऱ्यांची तक्रार जुनीच होती. १८९०-९१ च्या घटनासमितीत गोबेलने रेल्वे आयोग थेट घटनेत घालून घेतला, कारण साध्या कायद्याने नेमलेला आयोग कंपनीचे आमदार पुढच्या अधिवेशनात मोडीत काढू शकले असते. त्यानंतर आयोगाला भाडे ठरवण्याचा अधिकार मिळावा म्हणून तो झगडत राहिला. कंपनीचा अध्यक्ष मिल्टन स्मिथ आणि तिच्या वतीने विधिमंडळात वावरणारा, यादवी युद्धातला दक्षिणेचा माजी सेनानी बेझिल ड्यूक, हे दोघे त्याचे कायमचे विरोधक झाले.

दुसरे कारण पक्षाचे. केंटकी हा डेमोक्रॅट पक्षाचा गड. १८९५ मध्ये त्याला तडा गेला आणि विल्यम ब्रॅडली हा राज्याचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर झाला. पुढच्याच वर्षी चांदीची नाणी अमर्याद पाडावीत की नाही या प्रश्नावर डेमोक्रॅटांत उभी फूट पडली. १८९९ जिंकणे हा पक्षाच्या अस्तित्वाचा मुद्दा होऊन बसला.

तिसरे कारण गोबेल स्वतः. ११ एप्रिल १८९५ रोजी कव्हिंग्टनमध्ये एका बँकेच्या दारात त्याची आणि जॉन सँडफर्ड या बँकरची गाठ पडली. गोबेलने त्याच्याविषयी वर्तमानपत्रात अत्यंत घाण मजकूर छापला होता. दोघांनी पिस्तुले झाडली. सँडफर्डची गोळी गोबेलच्या कोटातून आरपार गेली, गोबेलची त्याच्या डोक्यात बसली. स्वसंरक्षण मानून गोबेल सुटला. पण आधी गोळी कोणी झाडली हे पाहणाऱ्यांनाही नीट सांगता आले नाही. त्यात पेच असा की केंटकीत पदाची शपथ घेताना ‘मी द्वंद्व खेळलेलो नाही’ असे म्हणावे लागते (ती ओळ शपथेत आजही आहे). ही झटापट ‘द्वंद्व’ ठरली असती तर गोबेलचे राजकारण तिथेच संपले असते.

‘गोबेल निवडणूक कायदा’ म्हणजे काय? त्यात वाईट काय होते?

१८९८ चा हा कायदा. रचना तीन पायऱ्यांची :

सगळ्यात वर तीन सदस्यांचे राज्य निवडणूक मंडळ, विधिमंडळाने निवडलेले. हे मंडळ प्रत्येक काउंटीसाठी तीन आयुक्त नेमणार. (काउंटी म्हणजे साधारण जिल्ह्यासारखा पण बराच लहान भाग. त्या वेळी केंटकीत ११९ होत्या.) काउंटीचे आयुक्त प्रत्येक मतदान केंद्रावरची माणसे नेमणार आणि मोजणीही त्यांच्या देखरेखीखाली होणार.

कागदावर यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. खोट आहे ती पहिल्या पायरीत. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचे, आणि तिन्ही सदस्य एकाच पक्षाचे नसावेत अशी अट कायद्यात नव्हती. परिणामी तिघेही डेमोक्रॅट. तिथून खाली पाझरत केंद्रावरच्या कारकुनापर्यंत एकाच पक्षाचे वजन. शिवाय कायदा आणणारा माणूस सिनेटचा हंगामी अध्यक्ष आणि गव्हर्नरपदाचा उघड इच्छुक.

ब्रॅडलीने विधेयक नाकारले. साध्या बहुमताचा नियम वर आलाच आहे, विधिमंडळाने ते पुन्हा संमत केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही (तेव्हा त्याचे नाव कोर्ट ऑफ अपील्स) कायदा घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. गोबेलच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते : जुन्या पद्धतीत काउंटीचे स्थानिक अधिकारी निवडणूक घेत आणि रिपब्लिकन काउंट्यांत गडबड होते ही तक्रार निराधार नव्हती. औषध मात्र रोगापेक्षा जहाल निघाले. पक्षातल्याच अनेकांना ते पटले नाही.

गोबेलला तिकीट कसे मिळाले?

लुईव्हिलच्या म्युझिक हॉलमध्ये २० जून १८९९ ला डेमोक्रॅटांचे अधिवेशन सुरू झाले आणि आठवडाभर संपेना. इच्छुक तिघे : वॉट हार्डिन, विल्यम स्टोन, गोबेल. सुरुवातीला हार्डिन सगळ्यात पुढे होता. त्याला रेल्वेचा पाठिंबा असल्याचे बोलले जाई. प्रतिनिधी प्रत्येक काउंटीतून आलेले. एकाहून जास्त गट ‘खरे प्रतिनिधी आम्हीच’ म्हणत आले की प्रकरण समितीकडे जाणार, आणि समितीवर वजन अधिवेशनाच्या अध्यक्षाचे. म्हणजे अध्यक्ष ज्याचा, अधिवेशन त्याचे.

गोबेलने हे आधी हेरले. स्टोनशी करार करून दोघांनी मिळून डेव्हिड रेडवाइन या न्यायाधीशाला अध्यक्षपदी बसवले. बदल्यात लुईव्हिलची निम्मी मते स्टोनला मिळायची होती. पायाखालची जमीन सरकते आहे हे पाहून हार्डिनने माघार घेतली. आता स्टोन जिंकणार असे वाटत असताना गोबेलच्या माणसांनी ठरलेली मते स्टोनला दिलीच नाहीत. स्टोन भडकला, हार्डिन पुन्हा रिंगणात उतरला, आणि फेऱ्यांवर फेऱ्या होत राहिल्या. सभागृहात पोलीस उभे. चिडलेले प्रतिनिधी खुर्च्यांवर चढून गाणी म्हणताहेत, भोंगे वाजवताहेत, पुकारलेली मते कोणाला ऐकू येत नाहीत, आणि सभा तहकूब करण्याची सूचना रेडवाइन कानावर घेत नाही. शेवटी, सगळ्यात मागे असलेल्याचे नाव गाळायचे असे ठरले. स्टोन गळाला आणि २६व्या फेरीत गोबेलला तिकीट मिळाले.

करार मोडणे हे राजकारणात नवे नाही. पण हा करार शेकडो लोकांच्या देखत मोडला गेला, आणि नोव्हेंबरात जी मते कमी पडली त्यांचा उगम बहुतेक याच सभागृहात आहे.

रिंगणात कोण कोण होते?

डेमोक्रॅट गोबेल. रिपब्लिकन विल्यम टेलर, राज्याचा विद्यमान अ‍ॅटर्नी जनरल (ब्रॅडलीला घटनेमुळे पुन्हा उभे राहता येत नव्हते). बंडखोर डेमोक्रॅटांनी ‘प्रामाणिक निवडणूक डेमोक्रॅट’ अशी वेगळी चूल मांडून माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउनला उभे केले. पॉप्युलिस्ट पक्षाचा जॉन ब्लेअर आणि आणखी किरकोळ उमेदवार होते. पडझड थोपवायला विल्यम जेनिंग्ज ब्रायनने (१८९६ मधला डेमोक्रॅटांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार) गोबेलसाठी राज्यभर सभा घेतल्या.

मतदान कसे झाले? ‘टिश्यू मतपत्रिका’ हा काय प्रकार?

मतदान ७ नोव्हेंबर १८९९ ला, मंगळवारी. दंगलीची भीती होती, त्या मानाने दिवस शांततेत गेला. लुईव्हिलमध्ये मात्र डेमोक्रॅट महापौराने सुमारे ५०० जादा पोलीस भरती केले आणि त्याला उत्तर म्हणून गव्हर्नर ब्रॅडलीने राज्याचे मिलिशिया सैन्य आणले. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर मतदारांना धाकात ठेवल्याचा आरोप केला.

मतपत्रिकेचा वाद कळण्यासाठी एक पार्श्वभूमी हवी. केंटकीत राज्याच्या निवडणुकांत १८९१ पर्यंत तोंडी मतदान चाले. मतदार चारचौघांत नाव उच्चारी आणि कारकून वहीत लिहून घेई. छापील गुप्त मतपत्रिका ही नव्या घटनेची देणगी, म्हणजे जेमतेम आठ वर्षांची. गुप्तता हा नुसता शिष्टाचार नव्हता. ती भंगली तर मत बाद करता येते असा युक्तिवाद उपलब्ध होता.

आता पाहा : सुमारे ४० काउंट्यांत मतपत्रिका पातळ कागदावर छापलेल्या निघाल्या. घडी घातली तरी मागून खूण दिसते, असे डेमोक्रॅटांचे म्हणणे. गुप्तता गेली, तेव्हा ही मते रद्द करा. रिपब्लिकनांचे उत्तर साधे होते : कागद मतदाराने निवडलेला नाही, त्याची शिक्षा मतदाराला का? नेल्सन काउंटीत आणखी वेगळीच चूक. तिथल्या मतपत्रिकांवर टेलरचे नाव ‘डब्ल्यू. एस.’ऐवजी ‘डब्ल्यू. पी. टेलर’ असे छापले गेले. तिथली १,१९८ मते ‘या नावाचा उमेदवारच नाही’ म्हणून बाद करा अशी मागणी आली. छापखान्यातल्या एका अक्षराने गव्हर्नर बदलू पाहणे हे हास्यास्पद वाटते. पण बारा शे मते म्हणजे एकूण फरकाचा निम्मा हिस्सा होता.

निकाल काय लागला?

टेलर १,९३,७१४. गोबेल १,९१,३३१. फरक २,३८३. ब्राउनला सुमारे १२,००० मते आणि ब्लेअरला सुमारे ३,०००.

सुमारे ४ लाख मतांत हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बंडखोराची मते फरकाच्या पाचपट. नेल्सनची सगळी १,१९८ बाद केली तरी टेलर १,१८५ ने पुढेच राहतो. त्यामुळे गोबेलच्या वकिलांना नुसत्या नेल्सनवर भागणार नव्हते. लुईव्हिल शहर किंवा टिश्यू कागदाच्या काउंट्या, यांपैकी काही तरी मोठे पाडावे लागणार होते.

मंडळ तर गोबेलनेच घडवलेले. मग त्याने टेलरला विजयी कसे ठरवले?

ज्या मंडळाची धास्ती घेऊन अर्धे राज्य बसले होते त्यानेच ९ डिसेंबरला दोन विरुद्ध एक मतांनी टेलरला प्रमाणपत्र दिले. टेलरच्या बाजूने विल्यम प्रायर (माजी मुख्य न्यायाधीश) आणि डब्ल्यू. टी. एलिस, विरोधात सी. बी. पॉइन्ट्झ. तिघेही डेमोक्रॅट.

बहुमताचे कारण तांत्रिक होते आणि पटण्याजोगे होते. काउंट्यांकडून आलेल्या आकड्यांची बेरीज करून निकाल जाहीर करणे एवढेच आमचे काम, मते ग्राह्य की अग्राह्य याचा निवाडा करणे हे न्यायदानाचे काम आणि तो अधिकार आम्हाला नाही, असे त्यांनी म्हटले. १२ डिसेंबरला, म्हणजे नियमाप्रमाणे पाचव्या मंगळवारी, टेलरचा शपथविधी झाला. प्रायर आणि एलिस यांची नावे या प्रकरणात फारशी कोणी घेत नाही. पक्षाचा दबाव असताना बेरजेवर सही करून मोकळे होणे सोपे नव्हते.

मग निकाल उलटला कोणत्या मार्गाने?

घटनेच्या ९० व्या कलमाच्या. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर) यांच्या निवडणुकीवर हरकत आली तर तिचा निवाडा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी करायचा, असे ते कलम सांगते. न्यायालयाला त्यात जागाच नाही. म्हणजे मंडळ ‘निवाडा आमचा नाही’ म्हणाले तेव्हा तो कोणाचा हेही ठरलेले होते, आणि तिथे बहुमत डेमोक्रॅटांचे.

क्रम असा : पराभूत उमेदवार हरकत दाखल करतो. ११ जणांची समिती बनते, त्यात ३ सिनेटर आणि ८ प्रतिनिधी. त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होते. समिती साक्षीपुरावे घेते, अहवाल देते, आणि शेवटी दोन्ही सभागृहे मत देतात.

चिठ्ठ्यांची अट पक्षपात टाळण्यासाठी होती. जानेवारी १९०० मध्ये पेटीतून नावे काढली तेव्हा ११ पैकी रिपब्लिकन निघाला अवघा एक. सभागृहांतले बळ पाहता तीन-चार निघायला हरकत नव्हती. चिठ्ठ्यांत हात घातला गेला असा आरोप झाला. योगायोग म्हणून तो पचवणे आजही जड जाते.

निकाल काय येणार हे यानंतर सगळ्यांना दिसत होते. २५ जानेवारीला पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून सुमारे हजार सशस्त्र माणसे केंटकीची राजधानी फ्रँकफर्टला उतरली. एल अँड एनच्याच गाडीने. आणणारा होता केलेब पॉवर्स, नवा रिपब्लिकन सेक्रेटरी ऑफ स्टेट (इथे परराष्ट्रमंत्री नव्हे, राज्याचे दप्तर सांभाळणारा अधिकारी). बहुतेकांना लवकरच परत पाठवले गेले, काही राहिले.

३० जानेवारी १९०० ला नेमके काय झाले?

मंगळवार, सकाळी अकरा वाजून गेलेले. गोबेल विधानभवनाकडे पायी निघाला होता, बरोबर जॅक चिन आणि एफ लिलर्ड हे दोघे. फाटकातून आत शिरून तो कारंज्याच्या दिशेने चालत असताना शेजारच्या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीतून गोळ्या सुटल्या. एक गोबेलच्या छातीत शिरली. एक समोरच्या हॅकबेरीच्या झाडात रुतली. पुढे ती खटल्यात पुरावा म्हणून आली, कारण झाड आणि खिडकी यांच्यात दोरी धरली की ती पॉवर्सच्या कचेरीकडे जाते असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. पॉवर्स स्वतः त्या वेळी गावात नव्हता, आगगाडीत होता.

गोबेलला जवळच्या कॅपिटल हॉटेलात नेले.

जखमी माणूस हॉटेलच्या खोलीत गव्हर्नर कसा झाला?

टेलरने राज्यात बंडाची स्थिती असल्याचे जाहीर केले, सैनिक बोलावले आणि विधिमंडळाला लंडन इथे भरण्याचा हुकूम सोडला. (हे लंडन केंटकीतलेच, रिपब्लिकन पट्ट्यातले छोटे गाव.) डेमोक्रॅट सदस्य गेले नाहीत. ते विधानभवनाकडे गेले, सैनिकांनी अडवले. नाट्यगृहाकडे गेले, तिथेही अडवले. न्यायालयाच्या इमारतीतही तेच. ३१ जानेवारीला ते गुपचूप हॉटेलात जमले, समितीचा अहवाल मान्य केला, पुरेशी मते बाद धरली आणि गोबेलला विजयी ठरवले. आमदार आणि हॉटेल हे समीकरण मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच की इथे माणसे लपवायला नव्हे, सभा भरवायला हॉटेल लागले. एकही रिपब्लिकन हजर नव्हता.

त्याच दिवशी मुख्य न्यायाधीश हेझलरिग यांनी गोबेलला अंथरुणावर शपथ दिली. सैन्याला घरी पाठवण्याचा हुकूम त्याने काढला, टेलरच्या सेनापतीने तो मानला नाही. ३ फेब्रुवारीला संध्याकाळी गोबेल मरण पावला. त्याच्या तोंडी सामान्य माणसाशी निष्ठा राखण्याचा एक भारदस्त निरोप घातला गेला आहे. शेवटचे बोलणे खाल्लेल्या नासक्या कालवाबद्दल होते, अशीही दुसरी आठवण सांगतात. दुसरी जास्त खरी वाटते.

लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून जाहीर झालेला जे. सी. डब्ल्यू. बेकम गव्हर्नर झाला. वय ३० वर्षे आणि सहा महिने. आणखी सहा महिने लहान असता तर घटनेने त्याला पदावर बसूच दिले नसते.

मग दोन गव्हर्नर होते का?

फेब्रुवारी ते मे, होय. सरकारे दोन, सैन्यांचे प्रमुखही दोन : टेलरचा कॉलियर आणि बेकमचा कॅसलमन. दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी लुईव्हिलला बसून तडजोडीचा मसुदा केला. टेलरने पद सोडायचे, खटले नकोत, निवडणूक कायदा बदलायचा. टेलरने सही केली नाही. मात्र त्याने विधिमंडळाला फ्रँकफर्टला परत येऊ दिले, आणि डेमोक्रॅटांनी रीतसर बैठक घेऊन तोच ठराव पुन्हा केला. हॉटेलातल्या बैठकीवर घेतले जाणारे आक्षेप त्यामुळे बोथट झाले.

न्यायालयाने काय सांगितले?

लुईव्हिलचे न्यायाधीश एमेट फील्ड यांनी मार्चमध्ये बेकमच्या बाजूने निकाल दिला. कोर्ट ऑफ अपील्सने ६ एप्रिलला ६ विरुद्ध १ मतांनी तो कायम केला. सूत्र असे : घटनेने हा निवाडा विधिमंडळाकडे दिला आहे, त्यांनी तो केला आहे, त्याच्या मागे जाऊन मते तपासणे आमच्या अधिकारात नाही.

टेलर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. ‘टेलर विरुद्ध बेकम’ या खटल्याचा निकाल २१ मे १९०० ला आला. पद हे मालमत्ता नव्हे, तेव्हा मालमत्ता हिरावली म्हणून संघराज्याच्या घटनेचा आधार मिळत नाही, प्रश्न केंटकीचा आहे आणि केंटकीनेच सोडवायचा आहे, असे मुख्य न्यायाधीश फुलर यांनी लिहिले. भिन्नमत देणाऱ्यांत जॉन मार्शल हार्लन होते, स्वतः केंटकीचे. कायदेशीरपणे निवडून आलेल्या माणसाला मनमानीने पदावरून काढणे हा त्याच्या स्वातंत्र्यावरचा घाला आहे, अशी त्यांची भूमिका होती.

गंमत बघा, गुप्त मतपत्रिका पातळ कागदावर असली तर मत बाद होते का, या मूळ प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणीच दिले नाही.

खून कोणी केला?

निश्चित उत्तर नाही. एकूण १६ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांत टेलरही होता. तो इंडियानात निघून गेला आणि तिथल्या गव्हर्नरने त्याला केंटकीच्या हवाली करायला नकार दिला. १९२८ मध्ये मरेपर्यंत तो इंडियानापोलिसमध्येच राहिला.

दोषी ठरले तिघे. हेन्री यूट्सी हा कचेरीतला कारकून, जिम हॉवर्ड हा डोंगराळ भागातला, आणि पॉवर्स. पॉवर्सला पकडले तेव्हा त्याच्याजवळ टेलरच्या सहीचा माफीनामा होता. न्यायालयांनी तो मानला नाही. ज्याला ते गव्हर्नर धरत नव्हते त्याची माफी कशी चालणार? त्याच्यावर चार खटले चालले : जन्मठेप, जन्मठेप, फाशी, आणि चौथ्यात ज्यूरीचे एकमत नाही. १९०८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर विल्सनने पॉवर्स आणि हॉवर्डला माफी दिली, पुढच्या वर्षी टेलरला. आठ वर्षे तुरुंगात काढलेला पॉवर्स नंतर आठ वर्षे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसला.

तपास कुठे बिघडला हे सांगता येते. विधिमंडळाने तपासासाठी १ लाख डॉलर मंजूर केले. त्या काळी ही डोळे फिरवणारी रक्कम. साक्षीदार वाढले, जबान्या बदलल्या, आणि बचाव पक्षाला प्रत्येक साक्षीवर ‘बक्षिसासाठी’ असा शिक्का मारता आला. ज्यूरीत कोण बसते यावरूनही वरच्या न्यायालयाने शिक्षा पुन्हा पुन्हा रद्द केल्या.

बेकम पूर्ण चार वर्षे गव्हर्नर राहिला का?

राहिला, पण मध्ये पुन्हा निवडून येऊन. मुदतीच्या पहिल्या दोन वर्षांत जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घ्यायची असे घटनेत होते. नोव्हेंबर १९०० मध्ये बेकमने रिपब्लिकन जॉन यर्क्सला ४,००० हून कमी मतांनी हरवले. त्याआधी खास अधिवेशन भरवून गोबेलचा निवडणूक कायदा सौम्य करावा लागला. त्याचे ओझे घेऊन मते मागणे पक्षालाही परवडणारे नव्हते.

आपल्याकडे असा निकाल विधानसभा फिरवू शकते का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार निवडून आलेल्या आमदार-खासदाराविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात जाते, निकालापासून ४५ दिवसांच्या आत. निवाडा होईपर्यंत विजयी उमेदवार पदावर राहतो. केंटकीत टेलरही ‘तोपर्यंत’ पदावर होताच. फरक न्यायाधीश कोण, एवढाच.

मग खरोखर जिंकले कोण?

मोजलेल्या मतांत टेलर. कायद्याने गोबेल. दोन्ही बाजूंनी लबाडी झाली हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. आमचे मत विचाराल तर २,३८३ चा फरक पुसायला दिलेली कारणे तोकडी होती, विशेषतः मतदाराचा काही दोष नसताना त्याचे मत बाद करण्याची. पण टेलरने विधिमंडळाच्या दारात सैनिक उभे केले, आणि त्यानंतर त्याच्या बाजूचा युक्तिवाद ऐकून घ्यायला कोणी उरले नाही.

फ्रँकफर्टला गेल्यास काय पाहता येईल?

तेव्हाचे विधानभवन आता जुने स्टेट कॅपिटल म्हणून जतन केलेले आहे आणि बघायला खुले असते. गिडियन श्रायॉकने बांधलेली ही वास्तू. आतला दगडी गोल जिना कोणत्याही खांबाच्या आधाराविना उभा आहे, तो चुकवू नका. बाहेर आवारात गोबेलचा पुतळा आहे. त्याच आवारात पायवाटेवर, चालताना सहज ओलांडली जाईल अशी, तो जिथे कोसळला त्या जागेची खूण आहे.